उष्णतेचा जमाखर्च : विक्रियेतील एन्थॅल्पी-बदलाच्या गणनेचा पूर्वेतिहास

कोळसा पुरेशा हवेत जळाला म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. हवा अपुरी असली तर त्याच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. कार्बनपासून केवळ मोनॉक्साइड होत असताना किती उष्णता निघते, हे मात्र कोणत्याही उपकरणात सरळ मोजता येत नाही. कारण विक्रिया त्या टप्प्यावर थांबून राहत नाही. असे असूनही उष्मारसायनाच्या कोणत्याही कोष्टकात ही संख्या दिलेली आढळते : दर मोलमागे ११०.५ किलोजूल. ती मोजलेली नाही, काढलेली आहे. ग्रॅफाइटच्या पूर्ण ज्वलनात ३९३.५ किलोजूल उष्णता निघते. मोनॉक्साइड पुढे जाळला तर २८३.० किलोजूल निघते. पहिलीतून दुसरी वजा केली म्हणजे हवी ती संख्या हाती येते. ही वजाबाकी आज इतकी सवयीची झाली आहे की, ती करण्याचा अधिकार कोणी व कोणत्या पुराव्यावर मिळविला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. आणि जी राशी या रीतीने वजा केली जाते तिला नाव मिळण्यास वजाबाकी सुरू झाल्यानंतर जवळजवळ ७० वर्षे लागली, ही गोष्ट तर पाठ्यपुस्तकांतून बहुधा गाळलीच जाते. वजाबाकीचा नियम १८४० चा. ‘एन्थॅल्पी’ हा शब्द छापलेला आढळतो तो १९०९ मध्ये. मधल्या काळात हीच राशी निरनिराळ्या नावांनी वावरली, आणि त्यांतील काही नावांनी तिच्या स्वरूपाविषयी चुकीची समजूत रुजविली.

या जमाखर्चाचा आरंभ पॅरिसमध्ये झाला. सुप्त उष्णतेची कल्पना ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी १७६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मांडली होती : बर्फ वितळताना उष्णता शोषली जाते, पण तापमान वाढत नाही. ही अडचण वाटणारी गोष्टच आंत्वान लव्हाझिए व पिएर सिमाँ लाप्लास यांनी मोजमापाचे साधन बनविली. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी जे उपकरण वापरले त्यात आतल्या पिंजऱ्यात तपासावयाची वस्तू, भोवती बर्फाचा थर, आणि बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून पुन्हा बर्फाचा दुसरा थर, अशी रचना होती. आतल्या थरातून गळून आलेले पाणी तोलले की निघालेली उष्णता कळे. एका गिनिपिगने १० तासांत १३ औंस बर्फ वितळविला, हा त्यांचा प्रयोग शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्धच आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याहून मोलाची नोंद लव्हाझिए यांच्या १७८९ च्या पाठ्यग्रंथात आहे : एक पौंड लोणारी कोळसा जळाला असता साडेशहाण्णव पौंड बर्फ वितळतो. आजच्या संख्या घेऊन शुद्ध कार्बनासाठी हेच गणित केले तर उत्तर सुमारे ९८ येते. उपकरणाचे दोष उघड होते. वितळलेल्या पाण्यापैकी काही भाग बर्फाच्या फटींत अडकून राही, आणि हवा शून्य अंशाच्या जवळपास असेल अशा थंडीच्या दिवसांतच प्रयोग करावे लागत. ते ध्यानात घेता हे उत्तर फारच चांगले म्हटले पाहिजे.

१८ जून १७८३ रोजी फ्रेंच अकादमीपुढे वाचलेल्या प्रबंधात या दोघांनी एक तत्त्व मांडले. कोणत्याही संयोगात किंवा अवस्थांतरात जितकी मुक्त उष्णता कमी होते, तितकीच ती पदार्थ मूळ स्थितीस परत येताना पुन्हा प्रकट होते; आणि वाढ झाली असेल तर परतताना तितकीच घट होते. जमाखर्चाच्या वहीतील ही पहिली नोंद होय : रक्कम तीच, बाजू उलट. लव्हाझिए हे सरकारी करवसुलीचा मक्ता घेणाऱ्या मंडळाचे भागीदार होते आणि त्याच कारणावरून ८ मे १७९४ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वस्तुमानाच्या बाबतीत विक्रियेपूर्वीची व नंतरची बेरीज जुळली पाहिजे हा त्यांचा कटाक्ष उष्णतेच्या बाबतीतही दिसतो. मात्र येथे एक फरक होता. वस्तुमान पदार्थात असते. उष्णता पदार्थात असते काय? प्रबंधात दोघांनी या प्रश्नावर दोन्ही पक्ष मांडून निर्णय टाळला : उष्णता हे एक द्रव्य असेल, किंवा ती कणांची अदृश्य गती असेल, निष्कर्ष दोन्ही पक्षी तोच राहतो. हा सावधपणा फार दिवस टिकला नाही. १७८७ च्या नव्या रासायनिक नामपद्धतीत ‘कॅलॉरिक’ हे नाव मूलद्रव्यांच्या पंक्तीत बसविले गेले, आणि १७८९ च्या ग्रंथात तर ते प्रकाश, ऑक्सिजन, नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या शेजारी कोष्टकातच आले. ज्या गोष्टीविषयी निर्णय राखून ठेवला होता तिला नाम मिळाले, आणि नाम मिळताच तिचे द्रव्यत्व गृहीत धरले गेले. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रकार अपरिचित नाही.

याच ग्रंथात लव्हाझिए यांनी आपल्या उपकरणास ‘कॅलॉरिमीटर’ हे नाव दिले आणि त्यातील एक घटक लॅटिन व दुसरा ग्रीक असल्याबद्दल वाचकांपुढे दिलगिरीवजा खुलासाही केला. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘कॅलरीमापी’ या शब्दात लॅटिनला संस्कृतची जोड मिळाली आहे. त्याबद्दल मात्र कोणी खुलासा केल्याचे दिसत नाही, आणि त्याची गरजही नाही.

पुढची नोंद पॅरिसपासून बरीच दूर झाली. जेर्मां आंरी हेस यांचा जन्म १८०२ मध्ये जिनीव्हा येथे झाला. वडील चित्रकार, मुलगा लहान असतानाच कुटुंब रशियात गेले, आणि पुढे तो गेर्मान इव्हानोविच गेस या नावाने ओळखला गेला. डॉर्पाट (आजचे तार्तू) विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण, १८२५ मध्ये पदवी, स्टॉकहोम येथे बर्झीलियस यांच्याकडे अल्पकाळ वास्तव्य, सायबीरियात इर्कुत्स्क येथे वैद्यकीय व्यवसाय, आणि १८३० पासून सेंट पीटर्झबर्ग, असा त्यांचा प्रवास आहे. ‘शुद्ध रसायनाची मूलतत्त्वे’ हे त्यांचे रशियन पाठ्यपुस्तक १८३१ मध्ये निघाले व त्याच्या ७ आवृत्त्या झाल्या. रशियन भाषेतील रासायनिक परिभाषा स्थिर करण्यात या पुस्तकाचा वाटा मोठा होता. परिभाषा घडविणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या सर्वांत महत्त्वाच्या शोधातील राशीला मात्र वेगळे नाव दिले नाही. ती त्यांच्या लेखी केवळ ‘उष्णता’ होती.

हेस यांचा प्रयोग साधा होता. गंधकाम्लात निरनिराळ्या प्रमाणात पाणी मिसळावयाचे, मिसळताना निघणारी उष्णता मोजावयाची. मग त्या त्या विरल आम्लाचे अमोनियाच्या द्रावणाने उदासिनीकरण करून पुन्हा निघणारी उष्णता मोजावयाची. १८४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातील आकडे, त्यांनी योजलेल्या एककात, असे आहेत. एक भाग पाणी असलेले, म्हणजे तीव्र, आम्ल : उदासिनीकरणात ५९५.८. दोन भाग पाण्याचे आम्ल : उदासिनीकरणात ५१८.९, पाणी मिसळताना ७७.८, बेरीज ५९६.७. तीन भागांचे : ४८०.५ आणि ११६.७, बेरीज ५९७.२. सहा भागांचे : ४४६.२ आणि १५५.६, बेरीज ६०१.८. उदासिनीकरणाचा आकडा ५९५.८ वरून ४४६.२ पर्यंत, म्हणजे सुमारे एकचतुर्थांशाने उतरतो. बेरीज मात्र शेकडा एकहून अधिक हलत नाही. यावरून हेस यांनी निष्कर्ष काढला की, संयोग सरळ घडो वा आडवळणाने, एका टप्प्यात घडो वा अनेक टप्प्यांत, निघणारी एकूण उष्णता कायम राहते.

पाठ्यपुस्तकांत हकीकत येथे संपते. कोष्टकातील पाण्याचा स्तंभ मात्र पुन्हा एकदा पाहण्याजोगा आहे. ७७.८, ११६.७ आणि १५५.६ हे आकडे ३८.९ च्या अनुक्रमे दुप्पट, तिप्पट आणि चौपट आहेत, दशांशापर्यंत तंतोतंत. हा योगायोग नव्हे. हेस ज्याच्या शोधात होते तो नियम वेगळाच होता. मूलद्रव्ये ज्याप्रमाणे साध्या पूर्णांकी पटींत संयोग पावतात, त्याप्रमाणे उष्णताही पूर्णांकी पटींतच संयोगात शिरते किंवा त्यातून बाहेर पडते, अशी त्यांची कल्पना होती. उष्णता हे द्रव्य असेल तर तिनेही गुणक प्रमाणांचा नियम का पाळू नये, असा हा सरळ तर्क आहे. पाण्याच्या स्तंभाला आलेला हा नीटनेटकेपणा त्या अपेक्षेतूनच आलेला असणार. निव्वळ तापमापकातून असे आकडे पडत नाहीत.

तथापि हेस यांनी आकडे मनाने रचले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोपनहेगन येथील यूलियस टॉमसेन यांनी पुढे याच मिश्रणाचा कसून अभ्यास केला आणि एका मोल आम्लात पाण्याचे ‘न’ मोल मिसळले असता निघणारी उष्णता एका सूत्रात बसविली : १७,८६० ला ‘न’ ने गुणावे आणि ‘न अधिक १.७९८’ ने भागावे. उत्तर कॅलरीत येते. हेस यांच्या दोन, तीन व सहा भागांच्या आम्लांत जादा पाणी अनुक्रमे एक, दोन व पाच मोल येते. सूत्रावरून उष्णता निघते सुमारे ६,३८०, ९,४०० आणि १३,१४० कॅलरी. पहिल्या आकड्याला दोन मानले तर इतर दोन २.९५ आणि ४.१२ होतात. म्हणजे हेस यांचे २ : ३ : ४ हे गुणोत्तर सत्याच्या बरेच जवळ होते, निसर्गाने त्यांना चकविले असेच म्हणावे लागते. त्यांनी चार भागांचे आम्ल घेतले असते तर, याच सूत्राप्रमाणे, ३.५ ही संख्या समोर आली असती आणि पूर्णांकांचा भ्रम टिकणे अवघड झाले असते. टॉमसेन यांच्या सूत्रात पायऱ्या नाहीत; ती एक सलग वाकत जाणारी रेषा आहे, आणि तिच्यावरील तीन बिंदू योगायोगाने पायऱ्यांसारखे दिसले. ज्या नियमासाठी हेस यांनी कोष्टक मांडले तो नियम विस्मृतीत गेला. ज्या बेरजेचा स्तंभ त्यांनी शेजारी लिहिला तिने त्यांचे नाव राखले.

कालक्रमही ध्यानात ठेवला पाहिजे. ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील मायर यांचा निबंध १८४२ चा, ज्यूल यांचे प्रयोग १८४३ पासूनचे, हेल्महोल्ट्स यांची मांडणी १८४७ ची. हेस यांचा नियम या सर्वांच्या आधीचा आहे. तो आज ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचा उपसिद्धांत म्हणून शिकविला जातो. इतिहासात उपसिद्धांत आधी जन्मला आणि नियम नंतर. शिवाय तो ज्या शब्दांत सांगितला जातो त्या शब्दांत तो सर्वत्र खराही नाही. उष्णता मार्गावर अवलंबून असते. तीच विक्रिया उघड्या भांड्यात, बंद भांड्यात, किंवा तिच्याकडून काम करवून घेत विद्युत्‌घटात घडविली तर निघणारी उष्णता वेगवेगळी येते. हेस यांची बेरीज जुळली, याचे कारण त्यांची भांडी उघडी होती आणि सेंट पीटर्झबर्गच्या हवेचा दाब एका प्रयोगापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ तोच राहत होता. दाब स्थिर असताना आणि प्रसरणाखेरीज अन्य काम होत नसताना निघालेली उष्णता एका अवस्था-राशीतील बदलाइतकी असते, आणि अवस्था-राशी मार्ग विचारीत नाही. ही अट हेस यांनी पाळली. ती अट आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१८५० मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, हेस यांचा मृत्यू झाला आणि काही काळ त्यांचे नाव मागे पडले. १८९० मध्ये व्हिल्हेल्म ऑस्टवाल्ट यांनी आपल्या अभिजात विज्ञानग्रंथांच्या मालेत नववे पुस्तक म्हणून हेस यांचे उष्मारासायनिक निबंध जर्मनमध्ये पुन्हा छापले. त्याच मालेत दोन वर्षांनी लव्हाझिए व लाप्लास यांचाही प्रबंध आला. ऑस्टवाल्ट स्वतः डॉर्पाट विद्यापीठाचेच विद्यार्थी होते, हे येथे सहज नोंदविण्यास हरकत नाही.

दरम्यान मोजमापाचे काम दोघांनी अफाट वाढविले होते. टॉमसेन यांचा चार खंडांचा ग्रंथ १८८२ ते १८८६ या काळात निघाला. हायड्रोजन व ऑक्सिजन यांपासून एक मोल द्रवरूप पाणी होताना निघणाऱ्या उष्णतेसाठी त्यांनी दिलेला आकडा ६८,३६० कॅलरी असा आहे. आजचा आकडा सुमारे ६८,३१५ आहे. पॅरिसमध्ये मार्सलँ बेर्तलो यांनी १८८१ च्या सुमारास दाबाखालील ऑक्सिजनने भरलेल्या पोलादी ‘बॉम्ब’मध्ये पदार्थ क्षणात पूर्ण जाळण्याची रीत काढली आणि सेंद्रिय पदार्थांची ज्वलन-उष्णता मोजणे सोपे केले. मात्र बॉम्ब बंद असतो. त्यात आकारमान स्थिर राहते, दाब नव्हे. उघड्या भांड्यातील संख्या हवी असेल तर वायूंच्या मोल-संख्येतील फरकाइतकी दुरुस्ती करावी लागते. पाण्याच्या उदाहरणात दीड मोल वायू नाहीसा होतो. २५ अंश सेल्सिअसला ही दुरुस्ती ३.७ किलोजूल भरते. बंद पात्रातील २८२.१ चे उघड्या पात्रात २८५.८ होतात. तापमानाची दुरुस्ती कशी करावी हे किरखोफ यांनी १८५८ मध्येच दाखविले होते.

टॉमसेन व बेर्तलो यांच्यात अग्रहक्काचा कडवट वाद झाला. ज्या तत्त्वावरून तो झाला ते तत्त्वच टिकणारे नव्हते. निघालेली उष्णता हेच रासायनिक आकर्षणाचे माप होय, आणि जी विक्रिया सर्वाधिक उष्णता देईल तीच आपोआप घडेल, असे दोघांनी मानले. अमोनियम नायट्रेट पाण्यात टाकले तर भांडे हातास गार लागते आणि तरीही ते आपोआप विरघळते, एवढा एक पुरावा वास्तविक पुरेसा होता. बेर्तलो यांनी अपवादांना निरनिराळी कारणे देत हे तत्त्व दीर्घकाळ जपले. टॉमसेन यांनी तुलनेने लवकर माघार घेतली. मात्र ‘एक्सोथर्मिक’ व ‘एन्डोथर्मिक’ ही विशेषणे बेर्तलो यांचीच. ग्रीक उपसर्गांचा अर्थ ‘बाहेर’ व ‘आत’ असा आहे. म्हणजे या शब्दांत उष्णता एखाद्या घरात येजा करणाऱ्या पाहुण्यासारखी कल्पिली आहे. मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘उष्मादायी’ व ‘उष्माग्राही’ ही जोडी अधिक समर्पक म्हटली पाहिजे, कारण तिच्यात देणारा व घेणारा कोण हे शब्दातच सांगितले आहे. बोली मराठीत तर याहूनही सुटसुटीत सोय आहे : चुना विरताना उष्णता ‘निघते’, बर्फ वितळण्यास उष्णता ‘लागते’. या दोन क्रियापदांत चिन्हांचा सारा प्रश्न सामावलेला आहे.

तो प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. टॉमसेन यांच्या लेखनात निघालेली उष्णता धन असते. समीकरणाच्या उजव्या बाजूस पदार्थांच्या शेजारी ती एक उत्पादन म्हणून अधिक चिन्हाने लिहिली जाई. ही मोजणाऱ्याची वही होय : उपकरणात उष्णता आली, ती जमा. पुढे गणना अवस्था-राशीच्या भाषेत होऊ लागली, तेव्हा अंतिम स्थितीतून प्रारंभिक स्थिती वजा करण्याची प्रथा पडली. आता वही पदार्थांची झाली आणि निघालेली उष्णता खर्ची पडली. हा पालट किती अलीकडे पुरा झाला हे एकाच व्यक्तीच्या कामावरून दिसते. बिकाउस्की व रॉसिनी यांच्या १९३६ च्या प्रसिद्ध संकलनात निघालेली उष्णता धन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण कार्यालयाने १९५२ मध्ये काढलेल्या ५०० क्रमांकाच्या पत्रकात, ज्याच्या कर्त्यांत रॉसिनी हेच पहिले आहेत, तीच पाण्याची ६८.३ किलोकॅलरी ऋण चिन्हाने येते. दोन पिढ्यांची कोष्टके एकाच गणितात मिसळणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर थोडेथोडके चुकत नाही. ते दुपटीने चुकते.

चिन्ह बदलले, कारण राशीची ओळख पटली होती. ती पटविण्याचे श्रेय येल येथील जोसाया विलर्ड गिब्ज यांचे. १८७५ ते १८७८ या काळात कनेक्टिकट अकादमीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी ऊर्जेत दाब व आकारमान यांचा गुणाकार मिळवून एक राशी रचली, तिला ग्रीक ‘खी’ हे अक्षर दिले आणि ‘स्थिर दाबासाठी उष्णता-फलन’ असे तिचे वर्णन केले. हे नाव नव्हते, व्याख्या होती. पण हेस यांनी न कळत पाळलेली अट तिच्यात प्रथमच शब्दांकित झाली. वाफेच्या यंत्रांवर काम करणाऱ्या इंग्रज अभियंत्यांत हीच राशी ‘एकूण उष्णता’ म्हणून रूढ होती. जर्मन लेखक ‘वेर्मइनहाल्ट’, म्हणजे ‘उष्णतेचा साठा’, म्हणत, आणि लुइस व रँडल यांच्या १९२३ च्या ग्रंथाने इंग्रजीत तोच अर्थ प्रतिष्ठित केला. ही दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत. उष्णता हे संक्रमणाचे नाव आहे. पदार्थात ती साठलेली नसते. ज्या कॅलॉरिकला भौतिकीने १८५० च्या सुमारास निरोप दिला होता, ते या शब्दांच्या आश्रयाने आणखी अर्धशतकाहून अधिक काळ नांदले. खुद्द ‘सुप्त उष्णता’ या रूढ संज्ञेतही निजलेले द्रव्य आहेच.

नवे नाव आले ते लायडनच्या शीत-प्रयोगशाळेतून. जुलै १९०८ मध्ये हेलियम द्रवरूप करणारे हाइके कामरलिंग ओनस यांनी ग्रीक ‘एन्’ व ‘थाल्पेइन्’ (तापविणे) यांपासून ‘एन्थॅल्पी’ हा शब्द बनविला. १९०९ मध्ये जे. पी. डाल्टन यांनी अॅम्स्टरडॅमच्या अकादमीच्या कार्यवृत्तातील लेखात तो ओनस यांच्या नावे नोंदविला. अणुवादाचे जॉन डाल्टन यांच्याशी यांचा संबंध नाही. हा शब्द क्लापेरों किंवा क्लाउझियस यांचा असल्याचे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. क्लाउझियस यांचा शब्द ‘एन्ट्रॉपी’, १८६५ चा, आणि तो त्यांनी ‘एनर्जी’शी सारखा दिसावा म्हणून हेतुपूर्वक तसा घडविला होता. ओनस यांचा शब्द त्याच वळणावर गेला आणि परिणामी तीन संज्ञा एकाच उपसर्गाने सुरू होऊ लागल्या; ऐकणाऱ्याची गल्लत होण्यास एवढे पुरे आहे. १९२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील आल्फ्रेड पोर्टर यांनी या राशीसाठी जे चिन्ह पुरस्कारिले ते ग्रीक मोठे ‘ईटा’ होय. ते रोमन ‘एच्’सारखे दिसते, म्हणून बहुतेक वाचक त्यास इंग्रजी ‘हीट’चे आद्याक्षर समजतात. जुन्या नावाने नव्या चिन्हात अशा प्रकारे पुन्हा शिरकाव केला.

गणनेच्या बाजूस हेस यांच्या नियमाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा हिऱ्याच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. हिरा जळताना ३९५.४ किलोजूल उष्णता निघते, ग्रॅफाइट जळताना ३९३.५; म्हणून हिऱ्याचे ग्रॅफाइट होताना १.९ किलोजूल निघावी. सामान्य तापमानास ही विक्रिया कोणी घडताना पाहिलेली नाही, तरी तिची उष्णता ज्ञात आहे. पण दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीत त्यांच्यातील चुका वजा होत नाहीत. प्रत्येक मोजणीत शेकडा अर्ध्याची चूक राहिली तरी ती २ किलोजूल होते आणि शोधावयाची संख्याच गिळून टाकते. हेस यांच्या बेरजांतील फरक शेकडा एकचा होता. त्यांच्या अचूकतेने हा प्रश्न सुटला नसता. तो सुटण्यास त्यांचा नियम आणि विसाव्या शतकातील उपकरणे, दोन्ही लागली. १९१९ मध्ये बोर्न, फायान्स व हाबर यांनी ही रीत स्फटिकांस लावली. सोडियमचे बाष्पीभवन, क्लोरीनच्या रेणूचे विघटन, आयनीभवन आणि इलेक्ट्रॉनचा स्वीकार अशा टप्प्यांच्या संख्या मांडून त्यांवरून मिठाच्या स्फटिकातील बंधनाची ऊर्जा, दर मोलमागे सुमारे ७८७ किलोजूल, काढता येते. मार्ग काल्पनिक असला तरी चालतो. तो मूळ स्थितीपासून अंतिम स्थितीपर्यंत पोचला म्हणजे झाले.

कोष्टके तयार करण्याच्या रीतीतही अलीकडे पालट झाला आहे. पूर्वी एक संख्या निश्चित करून तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी रचना असे. पायाची संख्या सुधारली की वरच्या मजल्यांवरील संख्या एकमेकींशी विसंगत होत, आणि ती विसंगती वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नसे. अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ब्रँको रुसिक व त्यांचे सहकारी यांनी २००४ च्या सुमारास पुढे आणलेल्या पद्धतीत सर्व मोजण्या व क्वांटम-यांत्रिकीय गणिते एका जाळ्यात गुंफून सर्व विक्रियांची समीकरणे एकदमच सोडविली जातात. एखादी नवी मोजणी आली की तिच्याशी दूरान्वयाने जोडलेल्या पदार्थाची संख्याही आपोआप सरकते, आणि एखादा जुना आकडा जाळ्यातील इतरांशी न जुळल्यास त्याचे वजन कमी केले जाते. या जाळ्यातील प्रत्येक बंद वळसा बेरजेने शून्य झाला पाहिजे, ही त्यातील अट १८४० ची आहे.